भरल्या गाडीचे शॉकप

गाडीचे धक्के झेलणारे शॉकप निवडताना काय बघावं, असं आज कोणी विचारलं तर मी तासभर बोलू शकतो. ज्या दिवशी बोलण्याची नाही, ऐकण्याची गरज होती, त्या दिवशीही मीच बोललो, आणि तीच ही हकीकत. साठ साल उजाडायच्या आधीची.

लष्कराच्या लिलावातली जीप तिसऱ्या हाताने माझ्याकडे आली होती. चारही शॉकपांतलं तेल गळून गेलेलं. खड्डा मागे पडला तरी पुढे फर्लांगभर ती होकार दिल्यासारखी मान हलवत राहायची. खांडबाऱ्याच्या बाजाराला मी तिच्यात माणसं कोंबून डोंगराकडच्या गावांना न्यायचो. आठांच्या जागेत चौदा, पंधरावा मडगार्डवर. गाव आलं की निम्मे जण आधी कडेला बसून ओकायचे आणि मग घरी जायचे. त्यांच्यासाठी मी शॉकप कधीच बदलले नसते.

पण खांडबारा स्टेशनजवळच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं आणि आईचा मोतीबिंदू काढायचा ठरला. तिचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. उरलेला एकच, आणि त्यावरच सुरी. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "दहा दिवस इथे पडून राहतील. मग शिबिर उठेल, तुम्ही घरी न्या. पण महिनाभर डोक्याला धक्का नको. जखम उघडली तर डोळा हातचा जाईल."

आमचं गाव तिथून आठ मैल. त्यातल्या पाच मैलांत रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे लागतो, हे सांगणं कठीण. बैलगाडीचा तर विचारच नको. चांगले शॉकप शोधायला मी सुरतेची गाडी पकडली.

भंगाराच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या चाचाने दोन प्रकारचे शॉकप पुढ्यात टाकले. एक मूळ जीपचेच, मोडलेल्या गाडीवरून काढलेले. हाताने ओढले की हळूच लांबायचे, दाबले की हळूच आत जायचे. दुसरे लष्करी ट्रकवरचे, भोकं जुळणारी, पण मनगटाएवढे जाड. एक टोक शिकंज्यात धरून मी दुसऱ्याला अक्षरशः लोंबकळलो, तरी कसाबसा तसूभर सरकला. चाचाने माझी कसरत संपू दिली आणि विचारलं, "गाडी खाली चाले के भरेली?" रिकामी चालते की भरलेली.

मी छाती काढून म्हणालो, "भरेली. खाली तो कोई दिवस नी चालती."

"तो आ लई जा," म्हणत त्याने जाड चौकडी माझ्याकडे सरकवली. आई एकटी बसणार आहे, हे मी त्याला सांगितलंच नाही. ज्या कामासाठी सुरत गाठली, तेच सांगायचं विसरलो. धंद्याची ऐट मध्ये आली.

नंदुरबारच्या मिस्त्रीने ते बसवले आणि बॉनेटवर दोन्ही हात ठेवून अंग टाकलं. गाडी ढिम्म. "भो, हाई गाडी शे का घरना वटा?" तो म्हणाला. घराचा ओटा! मला ती शाबासकी वाटली. पुढच्या बाजारी चौदा माणसं भरून पाहिलं, तर जीप नाल्यातून अशी गेली की एक म्हातारी डुलक्या घेऊ लागली. कोणी ओकलं नाही. मी जाऊन डॉक्टरांना सांगून आलो, आता काळजीच नको.

आईला सोडलं तो बाजाराचा दिवस नव्हता. ती पुढे बसली, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं माझ्या सांगण्यावरून दोन्ही हातांनी धरलेलं. मागे कोणी नाही. स्टेशनचा सपाट रस्ता संपला आणि लिंबाएवढ्या दगडावर चाक चढलं. सगळी जीप उडाली आणि दाणकन खाली बसली.

"काय व्हयनं?" आईने विचारलं.

"काही नही, माय. दगड व्हता."

दुसऱ्या दगडाला तिने डोकं आणखी घट्ट धरलं. तेव्हा चाचाचा प्रश्न माझ्या कानात पुन्हा वाजला. ते शॉकप दहा-बारा मणांच्या ओझ्याखालीच दबणारे. आई आणि मी मिळून तीन मणही भरत नव्हतो. मी इंजिन बंद केलं. मागे फिरावं तर तेच दगड, पुढे जावं तर पाच मैल.

तेवढ्यात मागून आठेक जण आले. लाकडाच्या मोळ्या विकून डोंगराकडे परत निघालेले, बाया-माणसं. मी त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिलो. "बठा. गाडीमा बठा."

"पैसा नही," पुढचा म्हणाला.

"पैसा नको."

हे ऐकून ते एक पाऊल मागे सरकले. त्यांचं काही चुकलं नाही. गेल्याच बाजारी मी त्यांच्यातल्या एकीकडे कोंबडीचं वेगळं भाडं मागितलं होतं. तीच बाई आता मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. "आज काय व्हयनं तुले? आजारी शे का?"

"मले वजन जोयजे," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या बोलीत काही ठरवलं आणि हसले. काय ते विचारायची माझी छाती नव्हती. पुढून आई म्हणाली, "बठी जा वं बाई. मन्हा डोयाकरता बठी जा." मग बसले. तरी भार कमी वाटला, म्हणून मी नाल्यातले धोंडे उचलून एकेकाच्या मांडीवर ठेवले. कोंबडीवालीने आपला धोंडा वजन केल्यासारखा तोलला आणि विचारलं, "यानं भाडं कोन दी?"

पाच मैलांना सगळी दुपार गेली. जीप मऊ चालली. पण ते दोन दगड मागे होऊन गेले होते.

पंधरा दिवसांनी डॉक्टर पुन्हा खांडबाऱ्याला आले. बाजार होता, भरलेल्या गाडीतूनच मी आईला नेलं. त्यांनी पट्टी सोडली आणि बॅटरी मारून वाकून पाहिलं.

"डोळा वाचलाय," ते म्हणाले. "पण बाहुली एका बाजूला ओढली गेलीय. माणसं ओळखू येतील, चालता-फिरता येईल. सुईत दोरा घालणं, तांदूळ निवडणं विसरा. वाटेत धक्का बसला होता का?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच आई म्हणाली, "धक्का? नही बा. पोऱ्या मले फुलवानी लई उना."

"मग शिंक आली असेल."

"शिंक उनी व्हई," आई म्हणाली.

मी तोंड मिटलं. उभ्या आयुष्यात एवढा गप्प मी दुसऱ्यांदा बसलेलो नाही.

परतताना डॉक्टरांनी दिलेला जाड भिंगाचा चष्मा लावून ती पुढेच बसली. मागे चौदा माणसं, एक बकरी. खांडबारा सोडल्यापासून ती एकटक रस्ता बघत होती.

"डावा हातले खड्डा शे," ती म्हणाली.

मी चाक वळवलं. खड्डा होता, आणि मला दिसला नव्हता.

"आते दगड शे. हाऊ मोठा."

आठ मैल ती सांगत होती आणि मी वळवत होतो.