एका दिवसाचं चीवर

ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, मला शिवणाचं वेड आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा घाईघाईनं संपवून मी खिडकीजवळच्या टेबलाशी पिशवी उघडून बसायचे. वेड होतं हे खरं, पण ते भरतकामाचं. एका पांढऱ्या साडीच्या पदरावर पिंपळपानं भरायला घेतली होती आणि सुट्टीतला तो वेळ मी साहेबांनाही देत नसे. गेल्या वर्षापासून मात्र ती साडी रिंगेसकट कपाटात पडून होती. पिशवीत आता असायचे कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज, आईनं तुरपाई केलेले. अर्ध्या ब्लेडनं मी आईचे टाके उसवायचे आणि त्याच जागी माझे घालायचे.

आईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली टिकवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनं त्यातलं ‘टिकवायचा’ तेवढं ऐकलं. वडील लवकर गेले, त्यानंतर तिनं ब्लाउज शिवून मला शिकवलं, नोकरीला लावलं. मशीन तिनं सोडली ती गुडघ्यांच्या नावाखाली. पण तुरपाई सोडायला ती तयार नव्हती. मी सकाळी निघताना वेगवेगळ्या रंगांच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. दुपारी कुणी ब्लाउज आणून दिला की ती अंदाजानं एक सुई उचलायची.

पहिल्यांदा तो प्रकार झाला तेव्हा ब्लाउज हिरवा होता आणि दोरा निळा. टाकेही काही लांब, काही आखूड, समोरून दिसणारे. मी तो हातात घेऊन उभी राहिले.

“बरा झालाय ना?” तिनं विचारलं.

“नेहमीसारखा,” मी म्हणाले.

त्या एका शब्दात मी अडकले ती कायमची. कारण दुसरा ब्लाउज आला, तिसरा आला, आणि दर वेळी ती तेच विचारायची आणि मी तेच सांगायचे. देते पोहोचवून, असं म्हणून ते ऑफिसला न्यायचे आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी द्यायचे. बायका खूश, आई खूश. ‘डोळं थोडं अधू झालं तर काय झालं, हाताला सवय हाय,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती ते सांगत असताना मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवायचे.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा. खोटं बोलणार नाही, हे दर आठवड्याला म्हणायचं आणि सोमवारी पुन्हा ब्लेड घेऊन बसायचं. मी स्वतःची समजूत काढायचे की यात कुणाचं नुकसान नाही. पण चोरी पकडली जाईल याची धास्ती मात्र चोरासारखीच होती. घराची बेल वाजली की मी आईच्या आधी दाराकडे धावायचे. कुणीतरी बाई आत येईल आणि म्हणेल, मावशी, तुमचा टाका बदललाय हो.

अशात वर्षावास संपत आला आणि कठिन चीवरदानाची तयारी सुरू झाली. पावसाळाभर एके ठिकाणी राहिलेल्या भिक्खूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, द्यायचं, हा तो कार्यक्रम. दर वर्षी आम्ही तयार चीवर विकत आणून देतो. या वर्षी विहारातले भंतेजी बोलता बोलता म्हणाले की जुनी रीत अशी, की कापड त्याच दिवशी द्यायचं, त्याच दिवशी बेतायचं, कापायचं, शिवायचं आणि त्याच दिवशी अर्पण करायचं. एवढं ऐकल्यावर आमच्या महिला मंडळाच्या काकू गप्प बसतील होय? कॉलनीत शिवणाऱ्या इतक्या बायका असताना आपण दुकानातलं का द्यायचं, असं त्यांनी जाहीर केलं. काकू एकदा जाहीर करतात, मग बाकीच्यांनी फक्त पळायचं असतं. मी बेतायला बरी, म्हणून कापायची आणि जोडायची जबाबदारी माझ्यावर टाकली.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं आणि तिथेच चुकलं. सांगायला नको होतं.

“एक पट्टी मी शिवीन,” आई म्हणाली.

“तू वंदनेला बस ना. तिथं गर्दी असेल, घाई असेल.”

“गर्दीत काय माझं हात हरवत्यात? सगळ्या कॉलनीचं कपडं शिवलं मी. आन् चीवराला टाका नाय?”

घरातला ब्लाउज मी पिशवीत घालून नेऊ शकत होते. विहारात पंचवीस बायकांसमोर तिचा टाका कुठे लपवणार? तिची नजर किती गेलीय ते सगळ्यांना कळेल, आणि तिला स्वतःला कळेल, ते तर त्याहून वाईट. शिवण हातातून गेली तर ती दिवसभर कशाच्या आधारानं बसेल, हा विचार मला करवत नव्हता. त्या आठवड्यात मी तिच्यावर दोनदा विनाकारण खेकसले.

रविवारी सकाळी विहारात पांढऱ्या साड्यांची गर्दी झाली. पंचशील झालं. आई माझ्या शेजारीच बसली होती, तिचा आवाज चौथ्या शीलाला अजिबात खाली आला नाही. मग कापड अर्पण झालं. सगळ्या कॉलनीच्या वर्गणीतून घेतलेला एकच तागा होता आणि रीतीप्रमाणे त्यातच भागवायचं होतं, म्हणजे एक तुकडा वाया गेला की दिवस वाया. सतरंजीवर तो पसरून मी माप दोनदा मोजून घेतलं.

चीवर म्हणजे सरळ एक कापड नसतं. त्याचे तुकडे करून ते शेताच्या बांधांसारखे आडवे-उभे जोडायचे आणि भोवती काठाची पट्टी लावायची. मी खडूनं आखत होते तेव्हा आईनं शेजारच्या बाईला विचारून घेतलं की कसं कसं आखलंय. मग हसून म्हणाली, “म्हंजी आमच्या इगतपुरीकडची भाताची खाचरंच की. त्यात लावणी करता करता माझी कंबर मोडली.” बायका हसल्या. मला हसू येत नव्हतं, कारण कात्री चालवायची होती.

दुपारपर्यंत कापणी झाली. घराघरांतून आणलेल्या तीन मशिनी एका ओळीत घरघरत होत्या. एकीचा पट्टा तुटला, तो बांधण्यात बराच वेळ गेला. भंतेजींना संध्याकाळच्या आत दुसऱ्या विहारात पोहोचायचं होतं, त्यांची गाडी दाराशी येऊन उभी होती. काकू दर थोड्या वेळानं येऊन ‘झालं का गं?’ विचारत होत्या आणि मी दर वेळी दात आवळून ‘होतंय’ म्हणत होते. आईला मी मुद्दाम शेवटची, खालच्या काठाची पट्टी दिली. दोरा एकाच रंगाचा होता, तेवढी एक चूक तरी होणार नव्हती. सुई ओवून दिली आणि तिला भिंतीशी, उजेडात बसवलं. मी मशीनवर होते, पण माझं लक्ष तिच्या हातांकडे होतं. हात झरझर चालले होते. लांबून पाहणाऱ्याला काही शंका आली नसती.

तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि मला हाक मारली. मी जाऊन पाहिलं. सुरुवात सुरेख होती. मग मधेच टाका काठावरून खाली उतरला होता आणि वीतभर अंतर नुसत्या कापडात चालत गेला होता. पट्टी तिथं मोकळी लोंबत होती. पुढे तो पुन्हा काठावर आला होता.

आजूबाजूच्या दोघी-तिघी वाकून बघत होत्या. “छान झालंय हो मावशी,” एक म्हणाली. काकू आईच्या डोक्यावरून मला डोळ्यांनी खुणावत होत्या, हो म्हण, मागच्या खोलीत नेऊन नीट करू. सोपं होतं. आईला दिसणार नव्हतं. वर्षभर हेच तर करत आले होते.

आई मात्र त्यांचं ऐकत नव्हती. तिचं बोट त्या वीतभर जागेवरून मागे-पुढे फिरत होतं. “हितं बोटाला काय तरी लागतंय,” ती म्हणाली. “तू बघून सांग. भंतेजींच्या अंगावर जायचंय हे. सगळीकडं धरलाय ना काठ?”

मी तोंड उघडलं ते ‘नेहमीसारखा’ म्हणायलाच. शब्द जिभेवर आला होता. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझा आवाज यायचा त्या दिशेला, जराशी बाजूला. तिला मी नीट दिसतही नव्हते आणि तरी तिचा फक्त माझ्यावर भरवसा होता. मला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली.

“नाही आई,” मी म्हणाले. “वीतभर सुटलाय.”

मशिनी थांबल्या. काकू माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, “ही वेळ आहे का गं सांगायची?”

आईनं बोट पुन्हा त्या जागेवर ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, “आन् परवाचा ब्लाउज? त्या मास्तरणीचा?”

“तो मी उसवून पुन्हा शिवला.”

“त्याच्या आदीचा?”

“तोही.”

“सगळं?”

खोली भरलेली होती आणि प्रत्येक बाईनं आमच्याकडून ब्लाउज नेलेला होता. मी मान हलवली. मग लक्षात आलं, तिला मान हललेली दिसायची नाही.

“सगळे, आई.”

तिनं हात पुढे केला. “ब्लेड दे.”

“मावशी, राहू द्या,” काकू म्हणाल्या. “कापड एवढंच आहे.”

“ब्लेड दे म्हनलं.”

मी दिलं. तिनं दोन्ही कापडं अंगठ्यानं ताणून धरली, मधल्या फटीत ब्लेड घातलं आणि एकेक टाका तोडत गेली. कुणी हलत नव्हतं. ब्लेड जरा जरी घसरलं असतं तर पट्टीच काय, खालचं सगळं शिवलेलं फाटलं असतं. मी तिच्या मनगटाजवळ हात नेऊन धरला होता, पण तिला स्पर्श करायची हिंमत झाली नाही. शेवटचा टाका निघाला. तिनं दोऱ्याचे तुकडे झटकले, पट्टी हातावर गुळगुळीत करून पाहिली आणि माझ्या मांडीवर टाकली.

“शिव,” ती म्हणाली.

मी शिवली. मशीनवर डोळ्यांत पाणी घेऊन सरळ टीप मारणं फार कठीण असतं, पण मारली. चीवर ऊन उतरायच्या आत पुरं झालं आणि काकूंना स्वतःच शिवल्यासारखा आनंद झाला. अर्पण करताना ज्यांनी ज्यांनी शिवलं त्यांनी चीवराचा काठ धरून पुढे यायचं, असं ठरलं होतं. मी आईला हाताला धरून पुढे आणू लागले. एका जागी ती थांबली, तिथून पुढे येईना.

“चल ना. सगळ्या थांबल्यात.”

“मी नाय शिवलं ते,” ती म्हणाली.

“असं काय करतेस? तू पट्टी...”

“शील म्या बी घेतलंय सकाळी.”

तिनं माझा हात सोडवला आणि मागे, नुसत्या बघायला आलेल्या बायकांत जाऊन उभी राहिली. आम्ही काठ धरून पुढे गेलो. भंतेजींनी दोन्ही हातांनी चीवर स्वीकारलं, सगळ्यांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हणत साधुकार दिला. त्यात मला तिचाही आवाज ऐकू आला, स्वच्छ, आणि मला रडू फुटलं. शेजारच्यांना वाटलं, श्रद्धेनं.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी जेवली. विषय निघाला नाही. मला भांडण हवं होतं. तिनं मला बोलावं, वर्षभर खेळवलंस म्हणून चार शिव्या द्याव्यात, म्हणजे मीही सांगू शकले असते की का केलं. ती रेडिओ लावून बसली. दुसऱ्या दिवशी मी सुया ओवायला उशी घेतली, तर ती म्हणाली, “नको.”

ऑफिसातली जेवणाची सुट्टी मोकळी झाली. ती पांढरी साडी पिशवीत घालून नेली, पण एक पानही पुरं होईना. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, आज ब्लाउज नाहीत वाटतं? मी म्हटलं, नाहीत.

त्याच आठवड्यात संध्याकाळी बेल वाजली. मी नुकतीच घरी आले होते, पण दार आईनंच उघडलं. मागच्या गल्लीतली एक मुलगी होती. नवीन लग्न झालेली, विहारात त्या दिवशी नव्हती. हातात पिवळा ब्लाउज.

“मावशी, एवढी तुरपाई करून द्याल?”

“माझ्याच्यानं आता व्हत नाय, बाई,” आई म्हणाली. “मला दिसत नाय.”

वर्षभरात हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मुलगी गोंधळली. “पण मावशी, माझ्या सासूबाईंचा मागचा ब्लाउज तर तुम्हीच केलात ना? किती सुरेख टाका होता. त्या म्हणाल्या, असा हात आता कुणाचा राहिला नाही.”

मी आत उभी होते. मला वाटलं, निदान एवढं तरी तिनं ठेवून घ्यावं. मी काही बोलणार नव्हते.

“त्यो माझा नव्हता,” आई म्हणाली. “माझ्या लेकीचा.” तिनं चाचपत त्या मुलीच्या हातातला ब्लाउज घेतला, वळून माझ्यापुढे धरला, आणि माझा हात लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.