सीडी पुसून झाल्यावर
काल कपाट आवरताना पुन्हा पुन्हा लिहिता येणारी एक जुनी सीडी हाती आली. तिच्या पाठीवर रंग हलले आणि ती दुपार आठवली. लातूरला कोचिंग क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर मी कॉम्प्युटर सांभाळायचे, शेजारच्या खोलीत सर शिकवायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव पडलं होतं, आई गेली होती. ढिगाऱ्यातून निघालेला आईवडिलांचा एकमेव फोटो मी स्कॅन करून त्यांच्या सीडीवर ठेवला होता. मूळ कागद पुढे ओल लागून गेला. त्या दुपारी त्याच सीडीवर नवे पेपर टाकायचे होते. आमची रीत एकच, जुन्या फाइली कॉम्प्युटरवर उतरवायच्या, सीडी कोरी पुसायची आणि सगळं नव्याने लिहायचं. सीडी पुसून झाली, लिहिणं सुरू झालं आणि तावदानं खडखडली. टेबल सरकलं. "हालून राहिलंय!" कुणीतरी ओरडलं, मुलं जिन्याकडे धावली. मी खुर्ची घट्ट धरून बसले; फोटो आता फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होता, तो टाकून जाववेना. सरांनी येऊन माझं मनगट धरलं. "सर, आईंचा फोटो!" "ऱ्हाऊ दे! चल!" रस्त्यावर आलो तोवर जमीन थांबली होती. इमारत उभीच होती. तिच्याकडे बघत सर हळूच म्हणाले, "माय बी ह्योच फोटो आणाया माघारी आत गेली होती." आजही पडद्यावर फाइल उतरताना दिसली, की मी आधी जिना किती लांब आहे ते बघते.