सरांचा चहा निवेपर्यंत

भारनियमनाचा राग न येणारा अख्ख्या अंबरनाथमध्ये एकच माणूस असावा, आमचे सर. मोरिवलीच्या कारखान्यात पहिली पाळी करून आले की ते आम्हा बारावीच्या चौघांना फिजिक्स शिकवायचे. गरम चहा त्यांना सोसायचा नाही. काकूंनी आणलेला कप निवला, सरांनी तो एका दमात संपवला, की क्लास सुटायचा.

लाइट जाऊन पंखा थांबला की सर खुलायचे. "बघा, वाफ कशी आपली आपण वर चालली. हेच नॅचरल कन्व्हेक्शन." आम्ही घाम पुसत, कप कधी निवेल याचं गणित मांडायचो. जुन्या लाकडाचं वय काढताना त्यातल्या कार्बनबद्दल ते हमखास म्हणायचे, "निम्मा जातो, मग उरलेल्याचा निम्मा. घाई नाय त्याला."

परीक्षेआधीच्या शेवटच्या क्लासला लाइट होती. काकूंनी चहा ठेवला, तसे सर उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

"वाऱ्याने लवकर निवतो," एवढंच म्हणाले.

गणितं संपली, चहाही निवला. सरांनी निम्मा पिऊन कप खाली ठेवला. थोड्या वेळाने उरलेल्याचा निम्मा.

आमच्यातल्या कुणीच वही मिटली नाही.