गुरुवारची सीट

वंदनाताईला देवासला घेऊन यायचं, एवढंच काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. ही माझी आतेबहीण. कन्नोदच्या आत, जंगलालगतच्या गावात शिक्षिका होती आणि निवृत्तीनंतरही तिथेच ठाण मांडून बसली. आता गुडघ्याचं ऑपरेशन करायचं, तर म्हणे गाव सोडता येत नाही. "तिथं आहे काय?" हा आमच्या घरातला लाडका प्रश्न. मला त्या प्रश्नाचाच राग येतो. म्हणून मुद्दाम गाडी न घेता बसने निघाले.

तुम्हीही बसनेच जा. चापड्याला पोहे खा, वर शेव हक्काने मागून घ्या. पुढे घाट आणि सागाचं जंगल लागतं. नेमावरला नर्मदेवर जाणारे याच रस्त्याने जातात, कन्नोदला चहा पितात आणि सरळ पुढे निघतात. आत कोणी वळत नाही. आतली बस सकाळी गावातून कन्नोदला येते आणि दुपारी परत जाते. ती चुकली, तर मोटारसायकलवाल्याच्या हातापाया पडावं लागतं.

घरं इतकी विखुरलेली, की शेजारणीला हाक मारायची तर फोन लावावा लागतो. गहू, लसूण, म्हशींचं दूध यावर गाव चालतं. तरणी मुलं पीथमपूरच्या कारखान्यांत. तरी बस भरलेली! कोणाच्या हातात बाजाराचं सामान नाही. एक बाई मांडीवर ताट घेऊन पेरणीसाठी लसणाच्या कळ्या सुट्या करत होती. अख्ख्या बसला लसणाचा वास.

कंडक्टरने एका म्हाताऱ्याला छेडलं, "दाजी, आज कन्नोद में क्या काम था?"

"काम नी था भिया, इसीलिए तो गया था।"

बस हसली. मला काही कळेना.

रात्री जेवताना ताईने उलगडा केला. बसमालकाने बजावलं होतं, रिकामी गाडी चालवणार नाही. बस बंद, म्हणजे कन्नोदला अकरावी-बारावीला जाणाऱ्या पोरी घरात. म्हणून गावाने प्रत्येक घराला एक वार नेमून दिला. काम असो नसो, त्या दिवशी त्या घरातलं माणूस बसमध्ये बसणारच.

"माझा गुरुवार. घरात मी एकटी. मी आले तर माझ्या सीटवर कोण बसेल, सांग?"

"तुझं तिकीट मी काढते ना!" मी अगदी उदारपणे म्हणाले.

ताई भडकलीच. "अगं, रिकामी सीट पाहून मालक काय समजेल? गाव उठलं, ओस पडलं म्हणेल. तुझी मेहेरबानी नको आम्हाला, बस पाहिजे. सीटवर माणूस पाहिजे!"

मला लाज वाटली. मग रागही आला, त्या मालकाचा आणि आमच्या घरच्या प्रश्नाचाही.

"मग गुरुवारी मी बसेन," म्हणाले.

ताईने उठून पिशवी भरायला घेतली. सकाळी बसमध्ये शाळेच्या पोरींनी ताईला खिडकी दिली. बसमधले ते म्हातारे दाजी निरोपाला आले होते. "बेन, गुरुवार भूलना मत," एवढंच मला बोलले.

ताईचं ऑपरेशन नीट झालं. ती आमच्या दिवाणावर पाय लांब करून पडली आहे आणि दर संध्याकाळी आज कोणत्या घराचा वार ते मला ऐकवते. तिथं आहे काय, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे: गाव उठू न देणारी माणसं आहेत.

बुधवारी मी पहाटेचा गजर लावत होते, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "एवढ्या लांब परत? काम काय तुझं तिथं?"

"काही काम नाही," मी ताट आणि लसणाच्या गड्ड्या पिशवीत टाकल्या. "म्हणूनच जायचंय."