धुळे ते जळगाव वीस मिनिटं

हिलाल धुळ्याच्या धावपट्टीवर चौकीदार होता आणि मी त्याचा जोडीदार. आमचं काम काय, तर पट्टीवरून शेळ्या-म्हशी हाकलायच्या. महिन्यातून एखादं विमान उतरायचं, तेही कुणा मंत्र्याचं. पण हिलालचा तोरा असा, की विमान जणू हाच उडवतो. त्याच्या बहिणीचं, भिकुबाईचं, सासर जळगावच्या धावपट्टीला लागूनच होतं. तिथे लग्नकार्याला गेला की हा ऐकवणार, "एस्टीले चार घंटा लागतस. इमान वीस मिनिटमा जास. काम पडनं ते मी इमानमा बठीसन येसू." भिकुबाई बिचारी ते गावभर सांगत फिरायची. मीही कधी त्याचं तोंड धरलं नाही. फुशारकीला काय भाकरी घालावी लागते?

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी नऊ वाजता चौकीवर फोन आला, भिकुबाई गेली. आमच्याकडे सवाष्ण बाई मेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, आणि ते भावानेच आणायचं. हिलालला आईबाप नव्हते, दुसरा भाऊही नव्हता. "थांबा, मी येस," एवढंच तो फोनवर बोलला.

नेमकं त्याच दिवशी मंत्र्याचं विमान पट्टीवर उभं होतं, आणि जाणार होतं जळगावलाच. हिलालने आमच्या धावपट्टीच्या साहेबाचे पाय धरले. "साहेब, कोपऱ्यात उभा राहीन." साहेब हसला. "अरे, हा काय टेम्पो आहे?" मी म्हटलं, निदान सोडा तरी त्याला, मी एकटा बघतो. तर म्हणे, मागच्या खेपेला म्हैस आडवी आली होती, विमान उडेपर्यंत कुणी हलायचं नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. हिलालने रडत रडत पट्टीवरची कुत्री हाकलली. साडेबाराला विमान उडालं, तशी त्याने सायकल काढली. मी मागे बसलो.

बाजारात हिरवं लुगडं घेतलं आणि एस्टी धरली. पारोळ्याच्या पुढे टायर फुटलं. पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

भिकुबाईचा नवरा मगन ओल्या डोक्याने ओट्यावर बसला होता. शेजारी भाऊबंद. काय झालं ते कळायला विचारावं लागलं नाही.

"थांबा सांगेल व्हतं ना," हिलाल म्हणाला.

"थांबलो की," मगन म्हणाला. "एकच्या आत विमान उतरलं. माणूस पाठवला बघायला. तू उतरला नाहीस. म्हटलं, यायचं असतं तर आला असता. घरातलंच एक नेसवलं आणि उचलली."

"माले कोन बसाडस रे इमानमा?"

इतक्या वर्षांत त्या गावात तो पहिल्यांदा खरं बोलला होता. ओट्यावरचे दोघंतिघं हसले. मयताचं घर, आणि हसले.

मगनने त्याच्या हातातलं लुगडं ओढून घेतलं, काठ उलगडून बघितला. "चांगलं आहे. राहू दे. सुतक फिटलं की दुसरी आणायचीच आहे, तिला होईल."

मला वाटलं, आता हिलाल त्याचा गळा धरतो. त्याने लुगडं मगनच्या हातातच सोडलं आणि मसणवट्याचा रस्ता कोणता ते विचारलं.