लोहाराकडे ओळख लागते

नागरवाड्यात अभिजित फणसेच्या घरी दर रविवारी दुपारी एक काल्पनिक शहर भरतं. टेबलावर नकाशा, फासे आणि सेव-उसळ. कुशल, देवश्री आणि ध्रुव हे तीन तरुण खेळाडू शूरवीर होतात आणि उरलेलं सगळं शहर एकटा अभिजित होतो: सोनार, शिंपी, लोहार, वैदू. नंदेसरीच्या कारखान्यात आठवडाभर लोकांच्या रजा मंजूर केल्यावर माणसाला एवढं देवपण हवंच.

अडचण एवढीच, की फणसे घराण्यात आजवर कोणी काही विकलेलंच नव्हतं. पणजोबा संस्थानात वहिवाटदार, म्हणजे अख्ख्या तालुक्याचे साहेब, आजोबा कचेरीत, वडीलही कचेरीत. त्यामुळे अभिजितचे दुकानदार दिसायला राजबिंडे, बोलायला शुद्ध आणि धंद्याच्या नावाने बोंब. शिंपी माप घेण्याआधी आपली वंशावळ सांगायचा. अत्तरवाल्याला भाव विचारला की तो दुखावला जायचा. गेल्या रविवारी कुंभाराने गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणून सांगितलं, तेव्हा कुशल पटेल मोबाइल काढून बसला.

जाताना देवश्रीने स्पष्टच सांगितलं, "दादा, रागावू नका. पुढच्या रविवारीही असंच झालं, तर आम्ही छाणीला कुशलकडे खेळू."

अभिजितची मुलगी पुण्याला, बायकोची रविवारी भिशी किंवा भजन. घरात हसण्याचा आवाज होतो तो या तिघांमुळेच. त्याने आठवडाभर झटून नवा लोहार घडवला. दिलदार, बोलका, गिऱ्हाइकाला हात धरून आत नेणारा. आरशासमोर उभं राहून त्याचं आगतस्वागतही घोकलं.

रविवार उजाडला. देवश्री चेपलेली ढाल घेऊन लोहाराच्या दारात आली.

"आवो, आवो, बेसो!" लोहार म्हणाला. तिघं सावरून बसले.

"ढाल ठोकून हवी आहे."

"देऊ की. आपण कोणाकडून आलात?"

"म्हणजे?"

"कोणाच्या ओळखीने? आमच्याकडे असं कोणी उठून येत नाही."

"अरे भाई," कुशल ओरडला, "बहार राक्षस ऊभो छे!"

"असू दे. त्याला सांगा, साहेब पूजेत आहेत."

कुशल इतका हसला की फासे टेबलाखाली गेले. ध्रुवने लोहाराला पेढे देऊ केले, देवश्रीने त्याच्या मामेसासऱ्याशी नातं जुळवलं. लोहार म्हणाला, पेढे आत ठेवा, ढालीचं बघू. अभिजित जीव तोडून गोड बोलायला बघत होता, आणि तोंडातून निघत होतं ते लहानपणापासून घरच्या बैठकीत ऐकलेलं. राक्षसालाही शेवटी बाकावर बसवून ठेवण्यात आलं. संध्याकाळ झाली तरी उठायचं कोणी नाव घेईना.

"दादा, छाणीबिणी काही नाही, पुढच्या रविवारी हाच लोहार," डोळे पुसत देवश्री म्हणाली. "काय नक्कल केलीत साहेबलोकांची! कोणाला बघून उचलला हा?"

नक्कल त्याने केलीच नव्हती. जमेल तेवढ्या प्रेमाने त्याने पाहुण्यांचं स्वागत केलं होतं. पण हे सांगितलं असतं तर तिघांचे चेहरे उतरले असते, आणि पुढचा रविवार पुन्हा रिकामा.

"आहे एक, घरातलाच," अभिजित म्हणाला आणि त्यांच्याबरोबर हसला.