चौथ्या विद्यापीठाचं कँटीन

तीन विद्यापीठं पालथी घालून माझे गुडघे पदवीधर झाले होते. अर्जाची मुदत उद्या संपणार, तरी लेकीचं पालुपद तेच, "बाबा, इथं आपलं वाटत नाही."

चौथ्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये ती ताट घेऊन भरलेल्या बाकापाशी उभी राहिली. एका अनोळखी मुलीनं गप्पा न थांबवता थोडं सरकून जागा केली. "बस गं. भाजी खारट आहे, लोणचं घे."

लेक बसली आणि लगेच त्यांच्यासोबत भाजीला नावं ठेवू लागली. मोठमोठ्या इमारती दाखवत मी उगाच दमलो होतो. आपलेपणाला वीतभर जागा पुरते, फक्त ती कुणीतरी आपणहून सरकून द्यावी लागते.

"मी कुठं बसू?" मी विचारलं.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा ना."

मी बाहेर पायरीवर टेकलो आणि तिला न विचारताच तिथला अर्ज भरून टाकला.